घर निवडा

असे किस्से कोणी ठरवून जमवत नाही. काम चालू असताना त्यांच्याकडे लक्षही नसतं. लक्ष असतं ते वीज कधी जाते आणि नेट कधी तुटतं याच्याकडे. पुढे काम संपतं, मशीन भंगारात जातं, आणि एखाद्या दिवशी चहा पिताना ध्यानात येतं की अरे, आपल्याकडे उरलंय ते एवढंच! संजय, शेलारतात्या आणि मी एकत्र बसलो की एक तरी निघतोच. एक निघाला की त्याच्या मागून दुसरा, आणि चहा गार.

आधी थोडं आमच्याविषयी. महाडला एसटी स्टँडच्या मागे, पहिल्या मजल्यावर संजयचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथे टायपिंग आणि बेसिक कोर्स शिकवायचे. २००५ च्या पुराचं वर्ष सरल्यानंतरचा तो काळ. शेलारतात्या पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरातल्या वाडीचे. आयुष्यभर मुंबईत गोदीत काम करून गावी परतलेले, आणि आसपासच्या सगळ्या वाड्यांच्या मंडळाचे सेक्रेटरी. एक दिवस ते जिना चढून आले आणि चपला काढायच्या आधीच बोलायला लागले.

वरच्या वाडीत एक म्हातारा गेला होता. मुलगा मुंबईत टॅक्सी चालवायचा. खोली बदलली, नंबर बदलला, गावात कोणाकडेच नवा नंबर नव्हता. निरोप फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचला आणि तो धावत आला, तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. तात्या म्हणाले, "असं परत व्हायला नको. कोण कुठल्या घरचं, मुंबईत कुठं ऱ्हातं, फोन काय, हे आम्हाला हितं दिसलं पायजे आणि मुंबईवाल्यांना तिथं. जमंल?"

संजय तेव्हा नुकताच वेबसाइट बनवायला शिकला होता. त्याला आंबेनळी घाट सरळ करून द्या म्हटलं असतं तरी तो हो म्हणाला असता.

त्यानं एक तक्ता बनवला. एका ओळीत एक घर. घराशेजारी अधिकचं चिन्ह. ते दाबलं की घर उघडायचं आणि त्याखाली त्या घरातली माणसं ओळीनं दिसायची. माणूस वाढवा, बदला, काढा, सगळं तिथल्या तिथे. प्रत्येक माणसापुढे एक चौकट होती, 'घर निवडा'. तिथून दुसरं घर निवडलं की माणूस त्या घराखाली जाऊन बसायचा. नियम एकच. एका घराखाली माणसं कितीही, पण एका माणसाला घर एकच.

पुढचं सगळं त्या नियमापायी झालं.

\* \* \*

मंडळाच्या पंचांना हे समजवायला संजयनं फळ्यावर गोल काढले, बाण काढले. मंडळी माना डोलवत होती, पण पाहुणे डोलवतात तशा. शेवटी तात्या उठले. म्हणाले, "अरे सोपं हाय. चूल एक, पानं अनेक."

सगळ्यांचे चेहरे उजळले. संजयनं खडू खाली ठेवला, सुटलो म्हणून.

तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आन एका घरात दोन चुली असल्या तर?"

संजयनं खडू परत उचलला.

\* \* \*

मे महिन्यात मुंबईकर गावी येतात. तेव्हा पोलादपूरला शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली. मंडळाच्या मुंबई कमिटीची माणसं वीर स्टेशनला उतरून रिक्षानं महाडला आली, आणि तिथून आमचीही वरात निघाली. जुना पोटवाला मॉनिटर माझ्या मांडीवर, आणि चादरीत गुंडाळलेला सीपीयू संजयच्या. खड्डा आला की तो आधी सीपीयूला सांभाळायचा, मग स्वतःला.

हॉलमध्ये नेट नव्हतं, म्हणून संजयनं मशीनमध्येच एक नमुन्याचं घर भरून आणलं होतं. सगळी माणसं मॉनिटरभोवती जमली. त्यानं अधिकचं चिन्ह दाबलं आणि घर उघडलं. घर संजयचं. त्याखाली एकच ओळ. वैशाली. नातं, पत्नी.

वैशाली म्हणजे मी. मी दाराशी वायरचा प्लग धरून उभी होते, कारण तो सैल होता आणि सोडला की मशीन बंद पडायचं. इतक्या दिवसांत या माणसानं माझ्याशी "सेव्ह केलंस का?" यापलीकडे एक शब्द काढला नव्हता.

संजयनं रुमालानं मान पुसली आणि म्हणाला, "हे फक्त नमुन्यादाखल आहे."

पहिल्या रांगेतून तात्या म्हणाले, "नमुना चांगला हाय. सेव्ह कर."

मला पळून जायचं होतं, पण हातात प्लग होता.

\* \* \*

कुडपणच्या बाजूच्या जनाबाई बाजाराच्या दिवशी खाली आल्या होत्या. आपल्या घराची नोंद बरोबर आहे का ते पाहून घ्या, असं तात्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, म्हणून त्या पिशवी सांभाळत जिना चढल्या. मी त्यांचं घर उघडलं आणि वाचून दाखवलं. त्या, त्यांचे यजमान, मुलगा, सून, नातवंडं. वाचून झालं तरी त्या पडद्याकडे पाहतच राहिल्या.

"आन शेवंता?"

शेवंता त्यांची मुलगी. बिरवाडीला दिलेली. मी त्यांना समजावलं की तिचं नाव आता सासरच्या घराखाली आहे, एका माणसाला एकच घर असतं. सासरचं घर उघडून तिथली ओळही दाखवली. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मंग हितलं पुसलंत?"

मी म्हटलं, पुसलं नाही, इथे कधी लिहिलंच नव्हतं.

"लिवलंच नाय," त्या हळू म्हणाल्या, आणि पिशवी उचलून उतरून गेल्या.

माझं कशात लक्ष लागेना. तोवर संजयनं आमच्या घरी येऊन रीतसर विचारलं होतं आणि लग्न ठरलं होतं. म्हणजे माझ्या बाबांच्या घराखालची एक ओळही लवकरच उठणार होती. मी संजयला सगळं सांगितलं. तो म्हणाला की नियम बदलायचा तर सगळा प्रोग्रॅम उसवावा लागेल. मी म्हटलं, मग उसव.

त्यानं तक्रार न करता उसवला. 'घर निवडा'च्या शेजारी दुसरी चौकट आली, 'माहेर'. आणि घर उघडलं की राहत्या माणसांच्या खाली एक वेगळा पट्टा दिसायला लागला, 'या घरच्या लेकी'.

आम्ही कोणाला काही कळवलं नव्हतं. पण एकीनं पाहिलं आणि ते दुसरीला सांगितलं असावं. तोपर्यंत मुंबईहून सगळ्या नोंदी पुरुषच भरायचे. आता बायका मुलांना हाताशी धरून सायबर कॅफेत जायला लागल्या. रोज सकाळी मशीन लावलं की कुठल्या ना कुठल्या घरी लेकी आलेल्या असायच्या.

जनाबाई पुन्हा आल्या तेव्हा मी काही न बोलता त्यांचं घर उघडलं. त्यांना वाचता येत नव्हतं. "कुठं?" त्यांनी विचारलं. मी त्यांचं बोट धरून काचेवर शेवंताच्या ओळीवर ठेवलं. त्यांनी ते तिथेच राहू दिलं आणि पडद्याकडे वाकून म्हणाल्या, "बरी हायस ना गो?"

\* \* \*

पठारावरच्या धनगरवाडीतले ढेबेबाबा तात्यांबरोबर आले. घरात कोण कोण, मी विचारलं. ते, त्यांची बायको, आणि मग चंद्री, मोरी, बाणी. नातींची किती छान जुनी नावं ठेवलीत, असं म्हणत मी तिघींच्या ओळी घातल्या. नातं, नात.

चंद्रीचा फोन नंबर आहे का, असं विचारलं तर म्हणाले, "तिला कशाला फोन? रानातनं हाक मारली की येते."

ती कितवीत आहे, मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "ताई, म्हशी हायत त्या."

तात्या तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहायला लागले. मी ओळी काढायला गेले तर बाबांनी हात आडवा घातला. "ऱ्हाऊ द्या. घरात धरूनच असतात."

राहू दिल्या. पुढे बाबांच्या पुतण्यानं मुंबईत घर उघडून पाहिलं. आम्हाला वाटलं, तो म्हशी काढून टाकेल. त्यानं चंद्रीच्या पुढे शेऱ्याच्या रकान्यात एवढंच लिहिलं, 'व्याली का? कळवा.'

\* \* \*

त्या पावसाळ्यात सकपाळांचं गावचं घर पडलं. घर बंदच होतं, सगळी माणसं मुंबईला, त्यामुळे कोणाला खरचटलंही नाही. सकपाळ सरळ माणूस, एका सोसायटीत वॉचमन. घर राहिलं नाही तर नोंदीत तरी का ठेवायचं, म्हणून त्यांनी तक्त्यात घरापुढचं 'काढा' दाबलं. घर गेलं, आणि त्याच्याखालच्या सगळ्या ओळी गेल्या. आई, बायको, मुलं, बहिणी.

दुपारी त्यांचा फोन आला. "ताई, घर पावसानं पडलं. पण माणसं माझ्या हातनं गेली हो."

संजयकडे आदल्या दिवशीपर्यंतच्या सगळ्या नोंदी उतरवून ठेवलेली सीडी होती. संध्याकाळच्या आत सगळी माणसं जागेवर आली. पण तो बेचैन होता. मग त्यानं एक सूचना घातली. कोणी घर काढायला गेलं की पडद्यावर यायचं, 'या घराखाली माणसं आहेत. आधी त्यांची सोय करा.'

तात्यांना ते वाक्य भयंकर आवडलं. त्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं आणि मंडळाच्या सभेत वाचून दाखवलं. सकपाळांची आई मुंबईच्या खोलीत कधीची कंटाळली होती आणि मला गावी न्या म्हणून पाठीस लागली होती, हे सभेत सगळ्यांनाच माहीत होतं. पुढच्या मे महिन्यात मुंबईची पोरं वर गेली आणि सुट्टीभर राबून त्यांनी भिंती उभ्या केल्या. म्हातारी गावी राहायला आली.

घरापुढचं 'काढा' हे बटण त्यानंतर कोणी दाबलं नाही.

\* \* \*

धोंडू आणि महादू हे दोघे सख्खे भाऊ. दोघेही मुंबईत, दोघांचं बोलणं बंद. गावच्या घरात मधोमध भिंत घातलेली, म्हणून तक्त्यातही घरं दोन. आई, केशरआजी, गावी एकटीच पुढच्या सामाईक खोलीत राहायची.

कोणी कधी काय बदललं ते संजयला दिसायचं. एकदा त्याला दिसलं की केशरआजी सकाळी धोंडूच्या घराखाली असते आणि दुपारी महादूच्या. दुसऱ्या दिवशी परत धोंडूकडे. 'घर निवडा' मधून दोघे तिला सारखे हलवत होते. संजय चिडला. म्हणाला, "म्हातारी नकोय दोघांना. एकमेकांवर ढकलतायत."

मलाही तसंच वाटलं. तात्या तर रागानं लालच झाले. त्यांनी दोघांना फोन लावले आणि आधी पोटभर बोलून घेतलं. मग उत्तरं ऐकली, आणि फोन ठेवला.

उलटंच होतं. आजीला कधी काही झालं तर मंडळ ज्या घराखाली तिचं नाव, त्या घरी पहिला फोन लावणार. तो पहिला फोन दोघांनाही आपल्याला यायला हवा होता. टॅक्सीवाल्याच्या बापाचं काय झालं ते दोघांनी ऐकलं होतं.

तात्या वर वाडीत गेले आणि आजीलाच विचारलं, तुझं नाव कुठं लिहू. आजी निवडणं निवडत होती. म्हणाली, "मला कुठं हलवू नका. माझं घर वर लिव्हा, आन त्या दोघांना माझ्याखाली घ्या."

संजयनं तसं केलं. दोन घरांचं एक झालं. वर केशरआजी, तिच्याखाली धोंडू, त्याच्याखाली महादू.

काही महिन्यांनी महादूचा फोन नंबर बदलला. तक्त्यात तो लगेच बदलला गेला. बदल कोणी केला त्या रकान्यात नाव होतं धोंडूचं.

आम्ही ते कोणाला सांगितलं नाही.

\* \* \*

आता धाकूदादा.

धाकू लहान असताना रस्त्याच्या कामावरच्या माणसांबरोबर घाटावरून आला होता. तापानं फणफणला म्हणून ती माणसं त्याला वाडीत ठेवून पुढे गेली, ती परत आलीच नाहीत. त्याचं गाव कुठलं ते त्यालाही सांगता येत नव्हतं. वाडीनं त्याला वाढवला. म्हणजे आज या घरी जेवला, उद्या त्या घरी, झोपला कुठल्याही पडवीत. मोठा झाला तसा तो डोलीचा माणूस झाला. वर गाडी जात नव्हती. आजारी माणसाला, अडलेल्या बाईला बांबूच्या डोलीत घालून डोंगर उतरवायचं, आणि पुढचा खांदा कायम धाकूचा. त्या वाडीतली निम्मी पोरं सुखरूप जन्मली ती त्याच्या खांद्यामुळे, असं तात्या सांगायचे.

लग्न झालं नाही. नातं कोणाशी नाही. आणि आमचा तक्ता 'घर निवडा' पूर्ण केल्याशिवाय माणूस घ्यायचाच नाही. मी धाकूचं नाव घालायचे, आणि तांबडी अक्षरं यायची.

अशात चिकणेआजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महाडला आल्या. पाठीमागे कोणी नसलेली बाई. एक मुलगा झाला होता, तो लहानपणीच गेला. डोळ्याला पट्टी बांधलेली, तशाच त्या जिना चढून आल्या. धाकूनंच त्यांना आणलं होतं, पण तो वर आला नाही. चिखलाचे पाय घेऊन खाली पायरीवर बसला.

त्या म्हणाल्या, "खाली बसलाय त्याचं नाव माज्या घरात लिव."

मी नाव घातलं. घर निवडलं. तांबडी अक्षरं आली नाहीत. मग नातं विचारलं. त्या म्हणाल्या, काय काय असतं तुझ्याकडं ते वाच. मी वाचत गेले. पती, सासरा, दीर, भाऊ, भाचा, पुतण्या. त्या मान हलवत नव्हत्या. मी वाचलं, मुलगा.

"हां," त्या म्हणाल्या, आणि पदरानं दुसरा डोळा पुसला. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी लागू नये म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं.

आता एका घरानं धाकूला घेतल्याचं मुंबईत कळलं. मग काय झालं ते आम्हाला आठवड्यानं समजलं. एकच माणूस दोनदा भरला गेला असेल तर जास्तीच्या ओळी काढायच्या, असं संजय अधूनमधून करायचा. त्या दिवशी त्याला धाकू दिसला चिकणेआजींकडे, सकपाळांकडे, केशरआजीकडे. मग उतेकरांकडे, मोऱ्यांकडे. घरामागून घरं उघडली, धाकू होताच. नातं कुठे काका, कुठे मामा, कुठे भाऊ. लोकांनी 'घर निवडा' ला हातच लावला नव्हता. प्रत्येकानं आपल्या घराखाली नवीन ओळ काढून त्याला घातला होता. संजयनं चूक समजून पहिली ओळ ठेवली आणि बाकी सगळ्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी क्लासचा फोन थांबेना. दादर, डोंबिवली, नालासोपारा. प्रत्येकाचं म्हणणं एकच, आमचा धाकू कुठं गेला? एक बाई तर भांडायलाच लागली. तिला धाकूनं तिच्या जन्माआधी डोलीतून खाली आणलं होतं, आईच्या पोटात. संजयनं फोन ठेवला, सीडी काढली आणि सगळे धाकू परत घातले. मग त्यानं प्रोग्रॅम उघडला आणि धाकूच्या नावापुरता नियम बंद केला. असं कधी करायचं नसतं, हे तो स्वतःच मला शिकवत आला होता.

पुढच्या बाजाराला तात्या धाकूला घेऊन आले. या वेळी पाय धुवायला लावून वर आणला. तो खुर्चीवर न बसता जमिनीवर भिंतीला टेकून बसला, टोपी गुडघ्यावर. तात्या म्हणाले, "वाच गो पोरी, कोणाकडं कोण हाय तो."

मी एक एक घर उघडून वाचत गेले. कोणाचं घर, आणि त्याखाली धाकू, आणि नातं. तो खाली मान घालून ऐकत होता. वाचता वाचता चिकणेआजींचं घर आलं. नातं, मुलगा. तेही वाचलं आणि पुढे गेले. सगळं झाल्यावर मी थांबले. संजय किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उगाच उभा होता.

धाकूनं गुडघ्यावरची टोपी उचलली. मग म्हणाला, "म्हंजे पावसाच्या आधी एवढ्या सगळ्यांची कौलं चाळायची माज्यावर आली."

तात्या हसले. आम्हीही हसलो. तो उठला, टोपी घातली, दारापर्यंत गेला आणि चौकटीला हात लावून थांबला.

"ताई," तो म्हणाला, "ती मधली एक परत वाच गो."